फळावरून वृक्षाची परीक्षा : जोनाथन एडवर्ड्‌स आणि नॉर्दॅम्प्टन येथील मंडळीचा वाद (१७३४–१७५०)

१

माणसाच्या शीलाची परीक्षा त्याच्या कृतीवरून करावी हे तत्त्व ख्रिस्ती नीतिविचारात प्रारंभापासून आढळते. त्या तत्त्वाविषयीची साशंकताही तितकीच जुनी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ही दोन्ही अंगे शेजारी शेजारी आली आहेत. अध्यायाच्या आरंभी इतरांचा न्याय करू नये अशी आज्ञा आहे. त्याच अध्यायात पुढे, मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखावे असे सांगितले आहे. न्याय करावयाचा नाही, परंतु ओळखावयाचे मात्र आहे. ह्या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावी, हा प्रश्न पुढील प्रत्येक शतकातील ख्रिस्ती समाजापुढे कोणत्या ना कोणत्या रूपाने उभा राहिला.

आरंभीच्या मंडळ्यांनी ह्या प्रश्नाला अगदी व्यावहारिक उत्तर दिले होते. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडलेल्या व १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिडाखे' ह्या प्राचीन ग्रंथात फिरत्या उपदेशकांविषयी नियम दिलेले आहेत. तीन दिवस मुक्काम ठोकणारा, आत्म्याच्या प्रेरणेचे निमित्त करून स्वतःसाठी पैसे मागणारा, अथवा सत्य शिकवून त्याप्रमाणे न वागणारा संदेष्टा खोटा समजावा, असा त्या नियमांचा आशय आहे. येथे परीक्षा आहे ती अधिकार सांगणाऱ्या उपदेशकाची. सामान्य श्रद्धावंताच्या अंतःकरणाची नव्हे. पुढे उत्तर आफ्रिकेत डोनाटसच्या अनुयायांनी ही कसोटी कठोर केली. डायोक्लीशनच्या छळाच्या काळात धर्मग्रंथ शत्रूच्या स्वाधीन करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी दिलेले संस्कारही व्यर्थ होत, असे ते मानीत. ऑगस्टीनने त्यांच्याविरुद्ध गहू आणि निदण ह्यांच्या दृष्टांताचा आधार घेतला. शेतात दोन्ही एकत्र वाढणार, निवड कापणीच्या वेळी होणार, आणि कापणी करणारा मनुष्य नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. ४११ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या परिषदेत डोनाटसपक्षाविरुद्ध निर्णय झाला.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने प्रश्नाचे स्वरूप पालटले. तारण केवळ विश्वासाने होते असे एकदा मानल्यावर सत्कृत्ये हे तारणाचे कारण राहिले नाही. तथापि कृतीचे महत्त्व संपले असे मात्र झाले नाही. खऱ्या विश्वासातून सत्कृत्य आपोआप उपजते, म्हणून ते विश्वासाचे चिन्ह होय, अशी भूमिका घेतली गेली. कृती ही 'कारण' न राहता 'खूण' झाली, आणि खूण म्हटली की ती कोणी वाचावयाची व किती खात्रीने, हा वाद ओघानेच आला. ह्या वादाचे सर्वांत सुस्पष्ट व सर्वांत वेदनादायक उदाहरण अठराव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये, मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन ह्या गावी घडले. त्या वादात 'आचरण' हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जात होता. ते दोन अर्थ वेगळे करून पाहिल्यावाचून वादाचे मर्म हाती लागत नाही.

२

न्यू इंग्लंडमध्ये वसाहत करणाऱ्या प्युरिटन पंथीयांची महत्त्वाकांक्षा मोठी होती. प्रत्यक्ष नवजन्म पावलेल्या, निदान तसे दिसणाऱ्या, माणसांचीच मंडळी असावी असा त्यांचा आग्रह होता. १६४८ च्या केंब्रिज येथील आराखड्यात ही व्यवस्था ग्रथित झाली. मंडळीत प्रवेश मागणाऱ्यास आपल्या अंतःकरणात ईश्वरी कृपेचे कार्य कसे घडले ह्याचे निवेदन करावे लागे. केंब्रिजचा पाळक थॉमस शेपर्ड ह्याने आपल्या वहीत टिपून ठेवलेली अशी निवेदने आज उपलब्ध आहेत. त्यांत शेतकरी आहेत, गृहिणी आहेत, मोलकरणीही आहेत. आत्मपरीक्षणाचा ताण त्या साध्यासुध्या शब्दांतूनही जाणवतो.

पुढच्या पिढीला असे निवेदन करणे जड जाऊ लागले. लहानपणी बाप्तिस्मा झालेली, नीतीने वागणारी, परंतु नवजन्माचा अनुभव सांगू न शकणारी माणसे वाढली. त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, असा पेच पडला. १६६२ च्या धर्मसभेने तो द्यावा, मात्र अशा आईबापांना प्रभुभोजनात सहभाग नसावा, असा मध्यम मार्ग काढला. हाच पुढे 'अर्धा करार' ह्या नावाने ओळखला गेला.

नॉर्दॅम्प्टनचा पाळक सॉलोमन स्टॉडर्ड ह्याच्याहीपुढे गेला. दुसऱ्याचे अंतःकरण कोणालाही निश्चितपणे वाचता येत नाही, तेव्हा ते वाचण्याचा आव मंडळीने आणू नये, असे त्याचे म्हणणे होते. धर्मतत्त्वांचे ज्ञान असलेल्या व निंद्य वर्तन न करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला प्रभुभोजनाला येऊ द्यावे. कदाचित त्या संस्काराच्या द्वारेच तिचा नवजन्म घडेल, असे तो शिकवी. स्टॉडर्डची ही व्यवस्था उदार होती, परंतु ती आचरणाच्या कसोटीपासून मुक्त नव्हती. 'निंद्य वर्तन नसणे' ही आचरणाचीच कसोटी होय. मात्र ती अभावात्मक आहे. गावाने ज्याला दोष द्यावा असे काही हातून घडले नाही, एवढीच तिची मागणी आहे. हा 'आचरण' शब्दाचा पहिला अर्थ.

३

१७२७ मध्ये स्टॉडर्डचा नातू जोनाथन एडवर्ड्‌स (१७०३–१७५८) हा त्याचा साहाय्यक म्हणून नॉर्दॅम्प्टनला आला, आणि १७२९ मध्ये आजोबांच्या मृत्यूनंतर तेथील पाळक झाला. सुमारे दोनशे कुटुंबांच्या ह्या गावात १७३४–३५ च्या हिवाळ्यात धर्मजागृतीची मोठी लाट आली. सहा महिन्यांत तीनशेहून अधिक माणसांचा पालट झाला असा एडवर्ड्‌सचा अंदाज होता. ह्या घटनांचा त्याने लिहिलेला वृत्तांत १७३७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे त्याचे नाव अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पोहोचले.

परंतु ह्याच वृत्तांतात एक काळी बाजू नमूद आहे. जून १७३५ मध्ये गावातील एक प्रतिष्ठित व्यापारी, एडवर्ड्‌सचा मावसा जोसेफ हॉली, ह्याने आपल्या आत्म्याच्या चिंतेने ग्रस्त होऊन गळा चिरून आत्महत्या केली. त्यानंतर लाट ओसरली. ज्यांच्या अनुभवांनी पाळकाला हर्ष झाला होता, त्यांतील अनेकजण पुन्हा जुन्या भांडणांत आणि पक्षोपपक्षांत गुंतले. १७४० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्डच्या दौऱ्याने जागृतीची दुसरी, अधिक व्यापक लाट उठली. तीत मूर्च्छा, आक्रोश, दृष्टान्त हे प्रकार वाढले. जेम्स डॅव्हनपोर्टसारखे उपदेशक इतर पाळकांना उघडपणे पालट न झालेले ठरवू लागले. १७४३ मध्ये न्यू लंडन येथे त्याच्या प्रेरणेने धर्मग्रंथांची होळी झाली. बॉस्टनचा चार्ल्स चॉन्सी ह्याने त्याच वर्षी ह्या साऱ्या प्रकारावर सडेतोड टीका करणारा ग्रंथ लिहिला.

एडवर्ड्‌स ह्या दोन टोकांच्या मध्ये उभा होता. जागृती ईश्वरी आहे ह्याविषयी त्याची श्रद्धा ढळली नव्हती. पण भावनांचा उमाळा हे तिचे प्रमाण मानण्यास तो आता तयार नव्हता. मार्च १७४२ मध्ये त्याने गावातील चौदा वर्षांवरील लोकांकडून एक करार मान्य करवून घेतला. त्या करारातील कलमे लक्षणीय आहेत. व्यवहारात शेजाऱ्याला फसवू नये, देणी हेळसांडीने थकवू नयेत, अन्यायाने घेतलेले परत करावे, पाठीमागे निंदा करू नये, सार्वजनिक कामात पक्षाभिनिवेश बाळगू नये, असा त्यांचा आशय आहे. मूर्च्छा आणि अश्रू ह्यांच्या ऐन भरात पाळकाने गावापुढे ठेवली ती उधारीची वही.

४

ह्या अनुभवांतून १७४६ मध्ये 'ए ट्रीटाइज कन्सर्निंग रिलिजस अफेक्शन्स' हा एडवर्ड्‌सचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या रचनेतच त्याचा युक्तिवाद सामावलेला आहे. पहिल्या भागात खरा धर्म बहुतांशी अंतःकरणाच्या भाववृत्तींत असतो असे प्रतिपादन आहे. म्हणजे चॉन्सीच्या बुद्धिप्रधान भूमिकेला येथे नकार आहे. दुसऱ्या भागात, ज्यांवरून काहीच निश्चित सिद्ध होत नाही अशा बारा खुणा दिल्या आहेत. भावनेची तीव्रता, शरीरावर होणारे परिणाम, धर्माविषयी अस्खलित बोलणे, शास्त्रवचने अकस्मात आठवणे, भयानंतर सांत्वन असा ठराविक क्रम, उपासनेत पुष्कळ वेळ घालवणे, ऐकणाऱ्या भाविकांना निवेदन पटणे, इत्यादींचा त्यांत समावेश होतो. न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी शंभर वर्षे ज्या निवेदनांवर भिस्त ठेवली, त्यांचे प्रमाणमूल्यच ह्या यादीने कमी केले.

तिसऱ्या भागात बारा विश्वसनीय खुणा आहेत. त्यांतील शेवटची व सर्वांत विस्तृत खूण ख्रिस्ती आचरणाची आहे. एडवर्ड्‌सला अभिप्रेत असलेले आचरण म्हणजे निंद्य गोष्टींपासून दूर राहणे नव्हे. त्याने तीन अटी घातल्या. आज्ञापालन सर्वांगीण असावे, सोयीच्या आज्ञांपुरते नसावे. ते जीवनाचा मुख्य उद्योग असावे, फावल्या वेळचे काम नसावे. आणि ते अखेरपर्यंत टिकावे. तिसरी अट सर्वांत कठीण, कारण तिची पूर्ती मृत्यूपूर्वी सिद्ध होत नाही. वसंतात झाडांवर मोहोर उदंड दिसतो, पण त्यातील पुष्कळसा गळून जातो. म्हणून मोहोराच्या शोभेवरून निवाडा करू नये, असा त्याचा रोख होता. माणसाला दोन गोष्टींतून एकीची निवड करणे भाग पडते, धर्म आणि स्वार्थ समोरासमोर उभे राहतात, अशा कसोटीच्या प्रसंगी केलेल्या कृतीला तो विशेष महत्त्व देतो. हा 'आचरण' शब्दाचा दुसरा अर्थ. पहिला अर्थ अभावात्मक होता, हा भावात्मक आहे. पहिल्याचे माप गावाच्या हाती होते. दुसऱ्याचे माप वृक्षाच्या मुळाशी जाते.

ह्या खुणांचा उपयोग कोणी करावयाचा, ह्याविषयी एडवर्ड्‌सने घातलेली मर्यादा अनेकदा दुर्लक्षिली जाते. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा अचूक निर्णय करता यावा अशी कोणतीही खूण आपण देत नाही, असे तो तिसऱ्या भागाच्या आरंभीच स्पष्ट करतो. आचरण ही शेजाऱ्याच्या दृष्टीने सर्वोत्तम खूण खरी. पण शेजाऱ्याला कृतीची केवळ बाहेरची बाजू दिसते. त्या कृतीच्या क्षणी इच्छाशक्तीने काय पत्करले आणि काय नाकारले, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून हीच खूण स्वतःच्या सदसद्विवेकापुढे अधिक पूर्ण असते, इतरांपुढे अपुरी राहते. सातव्या अध्यायातील दोन वचनांचा मेळ एडवर्ड्‌सने अशा रीतीने घातला : फळांची परीक्षा प्रथम आपल्या झाडाची करावयाची, आणि दुसऱ्याच्या झाडाविषयी सौम्य व तात्पुरते मत बाळगावयाचे.

५

ग्रंथात घातलेली ही मर्यादा पाळकाच्या दैनंदिन कामात सांभाळणे मात्र कठीण ठरले. १७४४ मध्ये गावातील काही तरुण सुइणींसाठी लिहिलेले पुस्तक गुपचूप वाचून तरुण मुलींची टवाळी करीत असल्याचे उघडकीस आले. एडवर्ड्‌सने चौकशीसाठी बोलावलेल्यांची नावे मंडळीपुढे वाचली, परंतु आरोपी कोण आणि साक्षीदार कोण हा भेद त्या वाचनात केला नाही. प्रतिष्ठित घरांतील मुले एकाच यादीत आली आणि गाव दुखावले. पाळकाच्या वेतनावरून तक्रारी पूर्वीच सुरू झाल्या होत्या. त्यानंतर डिसेंबर १७४८ पर्यंत मंडळीत प्रवेश मागण्यास कोणी पुढे आले नाही. जो तरुण त्या वेळी आला, त्याच्याकडून एडवर्ड्‌सने खऱ्या श्रद्धेची स्पष्ट कबुली मागितली आणि त्याने ती देण्याचे नाकारले.

येथे आजोबांच्या व्यवस्थेशी नातवाचा संबंध उघडपणे तुटला. १७४९ मध्ये एडवर्ड्‌सने 'ॲन हंबल इन्क्वायरी' हा ग्रंथ लिहून आपली भूमिका मांडली. त्याच्या विरोधकांनी तिचा विपर्यास केला, हे लक्षात घेतले पाहिजे. तो जुन्या पद्धतीचे अनुभवनिवेदन मागत नव्हता, तसेच अंतःकरण वाचण्याचा अधिकारही सांगत नव्हता. प्रभुभोजनाला येणाऱ्याने आपण ख्रिस्ताला मनापासून स्वीकारले आहे असे शब्दांत सांगावे, आणि त्याचे जीवन त्या शब्दांना खोटे पाडणारे नसावे, एवढीच त्याची मागणी होती.

परंतु गावकऱ्यांच्या दृष्टीने 'एवढीच' मागणी फार मोठी होती. स्टॉडर्डच्या नियमाप्रमाणे आजवर सभ्य माणूस हा मंडळीचा मान्य सभासद होता. १७३५ नंतर मंडळीत सुमारे सहाशे वीस सभासद होते. म्हणजे गावातील बहुतेक प्रौढ मंडळीतच होते. आता कोणाचे आचरण त्याच्या शब्दांना साजेसे आहे आणि कोणाचे नाही, हे ठरविण्यात पाळकाचा शब्द निर्णायक झाला असता. एडवर्ड्‌स स्वतः सौम्य निर्णय देईल ह्यावर, १७४४ चा प्रसंग डोळ्यांसमोर असताना, कोणी विश्वास ठेवावा? ग्रंथातील कसोटी आत्मपरीक्षणाची होती. संस्थेच्या दारावर ठेवताच तिचे रूप अधिकाराच्या साधनाचे झाले. विरोधकांची ही भीती सर्वस्वी स्वार्थमूलक म्हणून बाजूस सारता येत नाही.

शेजारच्या मंडळ्यांच्या परिषदेने जून १७५० मध्ये नऊविरुद्ध दहा मतांनी संबंधविच्छेदाची शिफारस केली. मंडळीच्या सभासदांत एडवर्ड्‌सच्या बाजूने अवघी २३ मते पडली. विरोधात दोनशेहून अधिक होती. १ जुलै रोजी त्याने निरोपाचे प्रवचन केले. पाळक आणि त्याची मंडळी शेवटच्या दिवशी एकाच न्यायाधीशापुढे पुन्हा भेटतील, तेव्हा ह्या वादातील सत्य प्रकट होईल, हा त्याचा विषय होता. ऑगस्टीनचा कापणीचा दृष्टांत येथे पराभूत पक्षाच्या तोंडून पुन्हा ऐकू येतो. १७५१ मध्ये एडवर्ड्‌स स्टॉकब्रिज येथे मूळ रहिवासी मोहिकन लोकांत काम करण्यास गेला. पुढे न्यू जर्सीच्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद स्वीकारल्यावर थोड्याच आठवड्यांत, मार्च १७५८ मध्ये, देवीची टोचणी अपायकारक ठरून तो मरण पावला. त्याच्या विरोधकांतील एक अग्रणी, आत्महत्या केलेल्या हॉलीचाच त्याच नावाचा मुलगा, ह्याने १७६० मध्ये आपल्या वर्तनाविषयी पश्चात्ताप व्यक्त करणारे पत्र लिहिले, आणि ते बॉस्टनच्या वृत्तपत्रात छापले गेले.

६

कृतीवरून शील ओळखण्याची कसोटी जो मांडतो तो स्वतःही तिच्या कक्षेत येतो. १७३१ च्या जूनमध्ये एडवर्ड्‌सने न्यूपोर्ट बंदरात व्हीनस नावाची सुमारे चौदा वर्षांची आफ्रिकन मुलगी ८० पौंडांना विकत घेतली. त्या खरेदीखताचा कागद उपलब्ध आहे. त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत टायटस नावाच्या मुलाची नोंद आहे. १७४१ च्या सुमारास, गुलाम बाळगल्याबद्दल आपल्या पाळकाला दोष देणाऱ्या एका मंडळीच्या प्रकरणात त्याने उत्तराचा मसुदा केला. आफ्रिकेतून नवी माणसे धरून आणण्याच्या व्यापाराला त्यात त्याचा विरोध दिसतो, पण गुलाम बाळगण्याचे तो समर्थन करतो. दोष देणारेही गुलामांच्या श्रमांचा लाभ घेतातच, असे त्याचे एक उत्तर होते. आफ्रिकन व्यक्तींना त्याने मंडळीत पूर्ण सभासद म्हणून घेतले होते. त्यांच्या दास्याला मात्र त्याने हात लावला नाही.

नॉर्दॅम्प्टनमध्ये गुलाम बाळगणे हे निंद्य वर्तन नव्हते. आचरणाच्या पहिल्या, अभावात्मक अर्थाने पाहता एडवर्ड्‌सवर कोणी बोट ठेवू शकत नव्हते, आणि ह्याच ठिकाणी त्या अर्थाची उणीव उघडी पडते. सभ्यतेचे माप समाज ठरवतो. म्हणून जे पाप सगळा समाज मिळून करतो ते त्या मापाला दिसतच नाही. ते दिसण्याची शक्यता दुसऱ्या अर्थात होती. सर्वांगीण आज्ञापालनाची आणि स्वार्थाविरुद्ध केलेल्या निवडीची मागणी जेथे होती, तेथे हा प्रश्न टाळता येणारा नव्हता. एडवर्ड्‌सने तो टाळला. तो विचारला त्याच्या शिष्याने.

सॅम्युअल हॉप्किन्स एडवर्ड्‌सच्या घरी राहून शिकला होता. १७७० मध्ये तो पाळक म्हणून गेला ते न्यूपोर्टलाच. गुलामांच्या व्यापारावर भरभराटलेल्या त्या बंदरात, निरपेक्ष परहितबुद्धी हेच सद्गुणाचे सार, ही गुरूच्या विचारांतून घेतलेली शिकवण त्याने गुलामगिरीला लावली. १७७६ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध संवादरूप पुस्तिका लिहून ती वसाहतींच्या काँग्रेसला अर्पण केली. १७८४ मध्ये त्याच्या मंडळीने गुलामांचा व्यापार व गुलामगिरी हे नीती आणि परहितबुद्धी ह्यांचे उल्लंघन असून मंडळीत ते खपवून घेतले जाणार नाही, असा ठराव केला. एडवर्ड्‌सचा मुलगा, धाकटा जोनाथन एडवर्ड्‌स, ह्यानेही १७९१ मध्ये न्यू हेवन येथे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन करून ते प्रसिद्ध केले. ह्या वेळीही कसोटी मंडळीच्या दारावरच ठेवली होती. परंतु ती कोणाच्या अंतःकरणातील श्रद्धेची पारख करीत नव्हती. सर्वांना दिसणाऱ्या, ज्याची हानी दुसऱ्या माणसाला सोसावी लागते अशा कृत्याविषयी ती बोलत होती.

ह्या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. हॉप्किन्सच्या अनुयायांचा ज्या अँडोव्हर येथील धर्मविद्यालयावर ठळक प्रभाव होता, तेथील तरुणांच्या प्रेरणेने १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. एडवर्ड्‌सने १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेले डेव्हिड ब्रेनर्डचे चरित्र ह्या पिढीच्या मिशनऱ्यांचे आवडते वाचन होते. मराठी मुलखातील आरंभीच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शिस्तीचा अभ्यास करताना त्यांच्यामागे नॉर्दॅम्प्टनचा हा इतिहास आहे, हे विसरता कामा नये.

७

सारांश, नॉर्दॅम्प्टनच्या वादात एका बाजूला कृतीला मानणारे आणि दुसऱ्या बाजूला भावनेला मानणारे, अशी विभागणी नव्हती. दोन्ही पक्ष आचरणाचीच भाषा बोलत होते. गावाचे आचरण म्हणजे निर्दोष प्रतिष्ठा, एडवर्ड्‌सचे आचरण म्हणजे मुळापासून आलेले व अखेरपर्यंत टिकलेले फळ. गावाचा अर्थ माणसामाणसांत शांतता राखणारा होता. पण समाजमान्य अन्याय त्याला दिसला नाही. एडवर्ड्‌सचा अर्थ खोल होता. पण दुसऱ्याच्या झाडाकडे वळताच तो जाचक झाला आणि स्वतःच्या अंगणात त्याच्या कर्त्यानेच तो अर्धा लागू केला. १७५० मध्ये मतदानाने गावाचा प्रश्न सुटला. व्हीनसच्या खरेदीखताने उभा केलेला प्रश्न न्यूपोर्टच्या मंडळीने हाती घेईपर्यंत त्रेपन्न वर्षे गेली.